आधार संपल्याची सूचना

भोगीची तीळ लावलेली भाकरी डब्यात अजून गरम होती
आणि पडद्यावर पाटी आली :
आजपासून आधार संपला.

मूळ शब्द सपोर्ट. मराठी मी केलं.
सत्तावीस वर्षं तेच करतेय,
उदगीरच्या तहसिलीसमोर, पत्र्याच्या खोलीत,
दुसऱ्याचं म्हणणं माझ्या बोटांनी.

बाहेर आधाराचीच रांग होती.
तो आधार वेगळा. अंगठ्याचा.

दुपारी मैनोद्दीन आला.
मशीनचं झाकण काढलं, धूळ फुंकली,
आत बराच वेळ बघत राहिला.
ताई, मशीन चांगली हाय.
कंपनीनं पाठ फिरवली, एवढंच.
आता नवी भोकं पडतील, अन् बुजवायला कुणी येणार नाही.

मग काय करू?

नेटची वायर काढा. बँकेचं काम हिच्यावर नको,
मेल नको, कुणाचा पेन ड्राइव्ह नको,
तहसीलदाराचा असला तरी नको.
सगळं दोनदा उतरवून घ्या,
एक डबी दुकानात, एक घरी.
पिठाच्या डब्यात ठेवू नका,
मोंढ्यातल्या एका बाईनं ठेवली होती.

वायर उद्या काढते म्हटलं.

भाचा व्यंकट म्हणाला,
मावशे, नवी असताना जुनी कशाला धरून बसलालीस?

नवी आहे, शेजारच्याच टेबलावर.
तिच्यावर माझी जुनी फाइल उघडली की
चि. सौ. कां.च्या जागी डॉलर,
कै.च्या जागी उलटं प्रश्नचिन्ह,
अख्खं लग्न पाव, अर्ध्या, पाऊण अपूर्णांकांत मोडून पडतं.
माझी अक्षरं जुनीच्या पाठीत खोचलेल्या
एका गुलाबी खुंटीवर चालतात.
खुंटी करणारा माणूस दुकान बंद करून कुठं गेला, माहीत नाही.
नवीच्या पाठीला तसलं भोकच नाही.

चारच्या सुमारास देवर्जनच्या निलावतीबाई आल्या.
चार वेळा अंगठा दिला, मशीन म्हणते जुळत नाही.
कसा जुळणार?
चाळीस वर्षं डाळ मिलमध्ये निवडायला.
रेषा तुरीबरोबर पोत्यांत गेल्या,
हैदराबादला, कुठं कुठं.

माहेरची राधा, सासरची निलावती,
दोघी मीच, असा एक कागद तुमीच लिवला होता बाई.
कधी?
धाकटी पोटात होती तवा.
धाकटी आता कितवीला?
बारावीला.

मी बोटांवर मोजलं, जुनीपाशी गेले.
ती घरघरली, थांबली, परत घरघरली.
दोन हजार दोन, प्रतिज्ञापत्रं, र.
फाइल उघडली आणि प्रत्येक अक्षर जिथल्या तिथं.
देवर्जनचा रफार ज-च्या डोक्यावर,
चुंबळीवर घागर ठेवावी तसा.
लिहून देणार मीच, असं लिहून देते की,
मी ती हीच.

प्रिंटरनं करकरत ओळ ओळ कागद सोडला.
निलावतीबाईंनी तो वाचला नाही, हुंगला.
चार रुपये झाले.
त्यांनी पाच दिले आणि उद्याचा तिळगूळ आजच.

रांग उठल्यावर मी तोच कागद
नवीवर पहिल्यापासून टाइप केला,
एक डोळा इकडं, एक तिकडं.
रोज असे दोन करायचे ठरवलंय.
एकूण फाइली किती, ते मोजलं नाही.
निम्म्यांतली माणसं आता नसतील,
पण त्यांची नावं नीट होती, एवढं मला ठाऊक आहे.

मग टेबलाखाली वाकले.
वायरीची चिमटी कधीचीच तुटलेली,
हिसका न देता निघाली.
पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल फुली आली, बाकी काही नाही.
घड्याळ चालूच होतं.

संक्रांतीला पाहिलं, जागच्या जागी.
रथसप्तमीपर्यंत दोन मिनिटं मागं पडलं.
आधी ते नेटवरून आपोआप लागायचं.
आता दुकान उघडलं की
मनगटाकडं बघून मीच लावते.